‘आला होता काय?’ आणि पर्लमधले अध्याहृत चल

शुक्रवार, रात्री साडेनऊ

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावाजवळच्या जिनिंगवर रोज किती क्विंटल कापूस उतरला, याचा हिशेब मी पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एका लहानशा स्क्रिप्टने काढून देतो. वजनपावत्यांच्या फाइलमधली एकेक ओळ वाचायची, तोडायची आणि बेरीज करायची, एवढेच काम. यांत ‘कोणती ओळ’ हे कुठेच लिहावे लागत नाही. वाचलेली ओळ डॉलर-अंडरस्कोर ($_) या चलात, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावात, आपोआप जाऊन बसते आणि चॉम्प (ओळीच्या शेवटचे चिन्ह काढणे), स्प्लिट (तोडणे), प्रिंट (छापणे) या आज्ञांना दुसरे काही दिले नाही, तर त्या त्या ओळीवरच काम करतात. १९८७ मध्ये पर्ल प्रसिद्ध करणारे लॅरी वॉल भाषाशास्त्र शिकलेले होते, हे अशा वेळी जाणवते.

आपणही तसेच बोलतो. सकाळी पारावर कोणी विचारले, “काकाजी, आला होता काय?” उत्तर आले, “आला होता, घेऊन गेला.” कोण आला, काय नेले, हे तिथल्या प्रत्येकाला कळले. मात्र मराठी क्रियापद ‘आला’ की ‘आली’ एवढी खूण तरी मागे ठेवते. डॉलर-अंडरस्कोर तीही ठेवत नाही.

दुपारी त्याचाच फटका बसला. पावत्यांच्या यादीतल्या प्रत्येक घटकावर तेच काम पुन्हा करणाऱ्या फॉर-लूपमधून मी शेतकऱ्याचे गाव शोधणारे फंक्शन (वेगळा लिहिलेला कामाचा तुकडा) बोलावले, आणि ते आत व्हाइल हा दुसरा लूप लावून दुसरी फाइल शेवटपर्यंत त्याच चलात वाचत होते. फॉर-लूप या चलाची जुनी किंमत जपून ठेवतो, व्हाइल जपत नाही. शिवाय फॉरमध्ये ते चल म्हणजे यादीतल्या घटकाची प्रत नसून खुद्द तो घटकच असतो. परिणामी एकेक पावती पुसली गेली आणि बेरीज शून्य आली. दोन तास मी निष्कारण फाइललाच दोष देत बसलो होतो.

शेवटी व्हाइलमध्ये ‘माय’ (चल तेवढ्याच भागापुरते ठेवणारा पर्लचा शब्द) लावून ओळीला स्वतःचे नाव दिले. (वऱ्हाडात हा शब्द वेगळाच ऐकू येतो, माय असली की लेकरू हरवत नाही.) पर्लच्या ५.१० या आवृत्तीत डॉलर-अंडरस्कोरलाही माय लावण्याची सोय आली होती, पण ती गोंधळाची ठरल्याने ५.२४ मध्ये काढून टाकण्यात आली.

ग्रेप (यादीतून निवडणे) किंवा मॅप (यादीतल्या प्रत्येक घटकावरून नवी यादी करणे) यांच्या एका ओळीत, जिथे डोळ्यांसमोर एकच विषय आहे, तिथे मी हे चल ठेवणारच. तिथे नाव देणे म्हणजे नुसती भर घालणे. लूपच्या पोटातून दुसरे फंक्शन बोलवायचे असेल, तर मात्र ‘पावती’ असे स्पष्ट लिहीन. जुन्या स्क्रिप्टमध्ये असे आणखी तीन व्हाइल सापडले आहेत. उद्या काटा सुरू होण्याआधी त्यांनाही माय लावायची आहे.