आमची वाटचाल : थापी, गुरमाळा आणि आप्पांची गच्ची

2009 साली भुसावळात मी आणि माझ्या भागीदाराने गच्चीवर पांढरा थर देऊन घर गार ठेवण्याचं काम सुरू केलं. दोन थाप्या, गुरमाळा, लाकडी रंधा, पाणसळीची नळी, एवढंच भांडवल. पहिलं मोठं काम रेल्वेतून निवृत्त झालेल्या आप्पांचं. कोबा, वर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे चकचकीत फरशीच्या तुकड्यांचा थर. मे महिन्यात रात्री अकराला त्यांनी बोलावून घेतलं, स्टुलावर उभं केलं, म्हणाले, "लाव भो हात छताले." स्लॅब गार होता. त्या आळीतली पुढची चार कामं आप्पांनीच मिळवून दिली.

मग बरी वर्षं गेली.

2017 च्या उन्हाळ्यात बाहेरून एक टोळी आली. "सरकारमान्य हीटप्रूफ" म्हणत निम्म्या दरात पातळ डिस्टेंपर फासून गेली. पहिल्या पावसात पन्हाळीतून दुधासारखं पाणी वाहिलं. शिव्या आम्ही खाल्ल्या. ठरलेली कामं रद्द झाली, जुनी बाकी अडकली, घरातलं सोनं गहाण पडलं, भागीदार सुरतेला निघून गेला. ते मला अजून सलतं.

2018 ला केंद्राची इको निवास संहिता, म्हणजे घरबांधणीत ऊर्जा वाचवायची नियमावली, आली. 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या निवासी इमारतींसाठी. त्यात छताच्या उष्णतावहनाला, म्हणजे छतातून आरपार जाणाऱ्या उष्णतेला, मर्यादा: अंशाच्या फरकामागे चौरस मीटरला 1.2 वॅट. उघडा स्लॅब त्यात बसूच शकत नाही. मला वाटलं, आता दिवस पालटतील. पण बिल्डर म्हणाले, "आधीच परवानगीच्या चकरा, त्यात हे!" नियम म्हटलं की लोकांना खर्चच दिसतो. आपल्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांवर दर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकायला कुणी फर्मान काढलं होतं? घर गळायचं नाही, गारवाही अंगाला लागायचा, म्हणून टाकायचे.

गारवा लोकांना असाच दिसावा म्हणून आप्पांनी तेव्हा जिन्याच्या खोलीच्या स्लॅबवरचा अर्धा भाग मुद्दाम कोरा ठेवून घेतला, उरलेल्यावर आमचा पांढरा थर. मी लेझरचा थर्मामीटर गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायचो. दुपारी तीनला कोऱ्या बाजूला 61, पांढरीला 43. त्यावर कागद दाखवायची गरज पडत नसे.

करणाऱ्यांनी एवढं पाळा: आधी भेगा भरा, काम फेब्रुवारीतच उरका, थर पातळ करून वाढवू नका. आणि दर उन्हाळ्याआधी धूळ धुवा; धूळ बसली की पांढरंही तापतं.

आप्पा आता नाहीत. त्यांच्या मुलाने घर रंगवलं, पण तो कोरा तुकडा तसाच ठेवलाय. नवं गिऱ्हाईक आलं की मी अजून तिथेच घेऊन जातो.