मोर बघायचा तर मागून

मोर पिसारा फुलवून उभा राहिला की सगळे धावतात त्याच्या समोर. तो जरा वळला की "अरे, फिरला रे!" म्हणत पुन्हा पळापळ. मी मात्र बसल्या जागी खूश असते. मोराची पाठ आपल्याकडे झाली की खरी मजा सुरू होते. एखाद्या भव्य नाटकाचा सेट विंगेतून बघावा तसं आहे ते: समोर राजवाडा, मागे टेकू नि दोऱ्या.

पिसारा म्हणजे मोराचं शेपूट नव्हे, हे मागूनच स्पष्ट दिसतं. पिसाऱ्याची दीडशे-दोनशे पिसं उगवतात ती शेपटाच्या वर, पाठीच्या शेवटच्या भागावर. इतर पक्ष्यांत ही पिसं शेपटीच्या बुडाला झाकण्यापुरती, छोटीशी असतात. मोरात ती दीड मीटरपर्यंत वाढतात. खरी शेपटी आखूड, ताठ, मळकट तपकिरी, वीस पिसांची. पिसारा उभा झाला की ती त्याला मागून आधार देत उभी राहते. दोन्ही पंख खाली सोडलेले असतात आणि त्यांची मोठी पिसं चक्क विटकरी रंगाची असतात. समोरून बघणाऱ्याला हा विटकरी रंग जेमतेम दिसतो.

मधूनच मोर सगळा पिसारा थरथरवतो. वाळक्या पानांतून वारा सुटावा तशी सळसळ ऐकू येते. हे कामही ती मळकी शेपटीच करते. ती पिसाऱ्याच्या काड्यांवर मागून आपटत राहते, सेकंदाला साधारण पंचवीस वेळा. गंमत अशी की एवढ्या थरथरीत पिसांवरचे डोळे जवळजवळ स्थिर दिसतात. डोळ्याच्या भागातले तंतू सूक्ष्म आकड्यांनी एकमेकांत घट्ट अडकलेले असतात, त्यामुळे तो भाग कमी हलतो. भोवतालचे तंतू सुटे असतात, ते लकाकत राहतात.

आणि पाठ दाखवणं हे मोराच्याही डावातच असतं. लांडोर जवळ आली की तो कितीदा तरी मुद्दाम पाठ करतो, विटकरी पंख फडफडवत तिच्याकडे उलटा सरकतो आणि मग एकदम गर्रकन वळतो. तिने हे सगळं बघून थक्क व्हावं अशी अपेक्षा असणार. ती बहुतेक वेळा दाणे टिपत असते.

ती बघते तेव्हा नेमकं काय बघते, हेही तपासलं गेलंय. लांडोरींच्या डोक्यावर नजर टिपणारे छोटे कॅमेरे बसवून केलेला एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की जवळून बघताना तिची नजर मुख्यतः पिसाऱ्याच्या खालच्या कडेवर, आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरते. वरच्या डोळ्यांकडे, मोराच्या तुऱ्याकडे ती फारसं बघतच नाही. आपण ज्या कमानीचे फोटो काढतो ती उंच गवतातून, लांबून दिसायला उपयोगी पडत असावी, असा त्या संशोधकांचा अंदाज. मला तो पटतो, कारण झुडपांच्या माळावर मोर आधी दिसतो तो त्या वरच्या कडेमुळेच.

मोराचे अश्रू पिऊन लांडोर गाभण राहते, ही थाप मोबाइलवर दर पावसाळ्यात उगवते. मागून बघणाऱ्याला असल्या शंका येत नाहीत. इतर पक्ष्यांसारखंच मीलन होतं, काही सेकंदांत उरकतं. त्याआधी मोर लांडोरीकडे झेप घेतो आणि एक खास आवाज काढतो. काही मोर तर जवळ लांडोर नसतानाही तो आवाज काढतात. दूरवरच्या लांडोरींना वाटावं, इथे याला मागणी दिसतेय! इतका लबाड पक्षी अश्रू ढाळत बसेल?

विणीचा हंगाम पावसाळ्याशी जुळतो, म्हणून ढग आणि नाच यांची जोडी जमली. मोर नाचतो तो लांडोरीसाठी. पुढचं सगळं तिच्यावर. झुडपाखाली जमिनीतच उथळ खळगा, त्यात चार-सहा अंडी, सुमारे 28 दिवस उबवणं, मग पिल्लं घेऊन फिरणं. मोर इकडे फिरकत नाही. लांडोरीचा रंग किती योग्य आहे हे ती बसलेली असताना कळतं, म्हणजे खरं तर ती दिसतच नाही तेव्हा. हिरवी चमक फक्त मानेवर, बाकी अंग मातीत मिसळून जातं.

मोर बघायला घनदाट जंगलात जायची गरज नाही. त्यांना चरायला मोकळी जागा लागते, दडायला काटेरी झुडपं, जवळपास पाणी, आणि रात्रीसाठी एखादं उंच झाड. दाणे, कोवळे कोंब, किडे, सरडे, लहान साप, काहीही चालतं. म्हणून शेताच्या बांधावरही ते खुशाल वावरतात. संध्याकाळी झाडावर चढण्याचा कार्यक्रम चुकवू नये. आधी खालून मान वाकडी करून फांदीचा अंदाज घेणं, मग जोरदार फडफडाट, आणि एवढा लांबलचक पिसारा ओढत हा पक्षी चक्क उडतो.

पाऊस सरता सरता पिसं गळू लागतात. असं एखादं पीस सापडलं तर ते उलटं करून बघा. मागची बाजू बरीच फिकी, तपकिरीकडे झुकणारी. उजेडासमोर आडवं धरलं तर पुढचा निळा-हिरवाही मालवतो. तो रंग कुठल्या निळ्या द्रव्याचा नाहीच. तंतूंच्या आत मेलॅनिनच्या, म्हणजे आपले केस काळे करणाऱ्या द्रव्याच्या, अतिसूक्ष्म कांड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात. कांड्यांमधलं अंतर बदललं की परत फिरणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. कुटून भुकटी केली तर हाती काळपट तपकिरी पूडच राहील. (कुटू नका, माझ्यावर विश्वास ठेवा.)

या पिसाने डार्विनचंही डोकं उठवलं होतं. मोराच्या शेपटातलं पीस बघितलं की मला मळमळतं, असं त्याने 1860 मध्ये आसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला लिहिलं. जगण्याला अडचण करणारी गोष्ट नैसर्गिक निवडीतून टिकतेच कशी? पुढे त्याने मादीच्या पसंतीचं उत्तर मांडलं. नेमकी पसंती कशाला, डोळ्यांच्या संख्येला की आणखी कशाला, यावर मात्र संशोधक अजून भांडताहेत.

पिसारा नसलेला मोरही असतो, आफ्रिकेत. काँगोच्या जंगलात जेम्स चेपिन या पक्षीतज्ज्ञाला 1913 साली एका शिरपेचात अनोळखी पीस दिसलं. ते कोणाचं, याचा पत्ता लागेना. 1936 साली बेल्जियममधल्या तेर्व्युरेन इथल्या संग्रहालयात त्याला भुसा भरलेले दोन पक्षी दिसले. त्यांच्यावर चिठ्ठी होती भारतीय मोराची, पुरती वाढ न झालेल्या. पीस मात्र तेच. काँगो मोराला लांब पिसारा नसतोच, आणि तो जोडीने राहून पिल्लंही सांभाळतो. पिसारा नाही म्हणजे हा अजून लहान असणार, असं म्हणून कोणीतरी पूर्ण वाढलेल्या पक्ष्यांना कपाटावर ठेवून दिलं होतं.