कॅम्पर व्हॅनचे टायर: आधी वजनकाटा, मग दुकान

आमच्या व्हॅनच्या टायरची नक्षी अजून मस्त शिल्लक होती, पण रिमजवळ साईडवॉलवर बारीक चिरा दिसायला लागल्या म्हणून टायरवर छापलेला डीओटी नंबर बघितला, टायर कधी बनला ते त्यावरून कळतं. शेवटचे चार आकडे 2317, म्हणजे 2017 सालातला 23वा आठवडा. कॅम्परचं हे असंच असतं, गाडी महिनोन्‌महिने एका जागी पूर्ण वजन घेऊन उभी, टायर झिजायच्या आधी म्हातारा होतो. सगळे बदलायचं ठरवलं.

दुकानात जायच्या आधी गाडी वजनकाट्यावर नेली आणि हे प्रत्येकाने करावंच असं माझं ठाम मत आहे. पाण्याची टाकी फुल, गॅस सिलेंडर, मागे सायकली, घरातली सगळी माणसं आत बसलेली, तसंच वजन केलं, आधी अख्खी गाडी मग फक्त पुढची चाकं मग फक्त मागची. मागच्या अ‍ॅक्सलवर 1900 किलो भरले! सायकली मागच्या चाकांच्याही मागे लटकतात ना, त्यामुळे त्यांच्या वजनापेक्षा जास्तच भार मागे येतो आणि पुढचा तेवढा हलका होतो. शिवाय टाकी आणि फ्रीज एकाच बाजूला, म्हणजे निम्मे 950 धरून चालत नाही, जड बाजूचा हिशोब धरायचा.

आता लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो ते सांगणारा टायरवरचा आकडा. 100 म्हणजे एका टायरला 800 किलो, 112 म्हणजे 1120, 116 म्हणजे 1250. दुकानदार म्हणाला साईज तीच आहे, साधा कारचा टायर पण बसेल की. बसेल हो, पण वजन कोण उचलणार? मी 116 चा सीपी घेतला. साईजपुढे नुसता सी असतो तो मालवाहू व्हॅनचा, सीपी खास कॅम्परसाठी, सतत लोडवर असणाऱ्या गाडीचा विचार करून बनवलेला. नुसता सी पण चालतो, फक्त लोड इंडेक्स पुरेसा हवा, गाडीच्या कागदात दिलाय त्यापेक्षा कमी तर अजिबात नको.

व्हॉल्व्ह मात्र आवर्जून मेटलचे लावून घेतले. नेहमीचे रबरी व्हॉल्व्ह साधारण 65 पीएसआयपर्यंतचेच असतात आणि मागे सिंगल चाक, म्हणजे प्रत्येक बाजूला एकच चाक असेल तर सीपीला 80, म्हणजे 5.5 बार सांगतात. रिमला तेवढं प्रेशर चालतं का तेही विचारून घ्या, रिमची पण मर्यादा असते. पुढच्या टायरला मात्र आपल्या वजनाप्रमाणे कंपनीच्या तक्त्यातून आकडा काढायचा, पुढे पण 80 ठोकून दिली तर गाडी नुसती उडत राहते.

हवा थंड टायरमधे, गाडी हलवायच्या आधी. चालवल्यावर प्रेशर वाढतं ते वाढू द्या, गरम टायरमधली हवा काढू नका, नाहीतर थंड झाल्यावर कमी पडते आणि कमी हवेवर लोड घेतला की साईडवॉल वाकून वाकून तापतो, टायर फुटतो तो त्यानेच. हवा भरायचा छोटा कंप्रेसर घेणार असाल तर 80 पर्यंत नीट जातो का बघून घ्या, बरेचसे तिथे पोचेपर्यंत दमतात, मधे थांबवून गार होऊ द्यावे लागतात.

नवीन टायरवर थोडं अंतर चालवून झालं की नट परत टॉर्क पान्याने तपासले. आणि स्टेपनीचा डीओटी नंबर पण बघा बरं का, आमची सगळ्यात जुनी तीच निघाली.