ग्वाल्हेरच्या पलटणीतल्या पूर्वजाचा माग

आमच्या आजोबांचे थोरले चुलते साताऱ्याकडून शिंद्यांच्या चाकरीत ग्वाल्हेरला गेले आणि पहिल्या महायुद्धात आफ्रिकेत पडले, एवढंच घरात बोललं जायचं. पलटण, तारीख, कशाचाच पत्ता नाही. शेवटी दिवाळी आटोपल्यावर ग्वाल्हेर गाठलं.

पुण्याहून झेलम किंवा गोवा एक्सप्रेस, मुंबईहून पंजाब मेल. उन्हाळ्यात जाऊ नका, उन्हात वाडे पालथे घालणं जमत नाही. उतरायचं ते लष्कर भागात, महाराज बाडा या चौकाच्या आसपास. फालके बाजार, दौलतगंज, जनकगंज इथली जुनी मराठी घरं तिथून जवळ पडतात. किल्ला आणि जयविलास पाहालच, त्यावर मी काही लिहीत नाही.

जाण्याआधी थोडा इतिहास वाचून जा, म्हणजे काय विचारायचं ते कळतं. 16 ऑक्टोबर 1914 रोजी मुंबईहून सुमारे 8,000 माणसांची फौज जर्मन पूर्व आफ्रिकेकडे (मुख्यतः आजचा टांझानिया) निघाली. तिच्यात ग्वाल्हेरच्या तिसऱ्या पलटणीची अर्धी तुकडी होती. 2 ते 5 नोव्हेंबरला टांगा बंदरावरचा हल्ला साफ फसला. समोर जर्मनांकडे जेमतेम हजार माणसं होती. तिथे मधमाश्यांनी सैनिकांना फोडून काढलं, ही गोष्ट जो तो चवीने सांगतो. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांच्या पुढाकाराने संस्थानिकांनी घेतलेल्या ‘लॉयल्टी’ या इस्पितळ जहाजाचंही कौतुक ऐकायला मिळतं. साध्या शिपायाचं नाव मात्र कुणाच्या तोंडी नसतं.

आम्हाला धागा मिळाला तो दूरच्या नात्यातल्या एका काकूंच्या वाड्यात. मी कपाटातले कागद चाळत बसलो होतो, तर त्या म्हणाल्या, “अहो, कागदांत काय बघताय? देवघरातली पेटी काढा.” पेटीत तळाला लहान ताटलीएवढी काशाची जड चकती होती. त्रिशूळ घेतलेली बाई, शेजारी सिंह आणि चौकटीत इंग्रजीत उठावाने आमच्या पूर्वजांचं नाव. युद्धात मेलेल्यांच्या वारसांना ही चकती मिळायची. तिच्यावर हुद्दा नाही, पलटण नाही. युद्धाबद्दल मिळालेलं चांदीचं पदक कधीच अडीअडचणीला मोडलं होतं. ते असतं तर त्याच्या कडेवर नंबर आणि पलटण कोरलेली मिळाली असती. तुमच्या घरी पदक असेल तर चिंच-राखेने घासू नका, कडेची अक्षरं झिजतात.

चकतीवरचं स्पेलिंग मात्र जसंच्या तसं टिपून घ्या. युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं, पण तिथे आपली मराठी नावं साहेबाच्या कानाला जशी लागली तशी लिहिलेली आहेत आणि आडनाव बहुतेक गायब. आडनाव टाकून शोधाल तर हात हलवत परत याल. पलटण, वर्ष आणि स्मारकाचा देश (टांझानिया, केनिया) लावून यादी काढा, मग एकेक नाव वाचा. नशीब असेल तर नोंदीखाली बापाचं नाव आणि गावही असतं. 2021 साली पंजाबच्या सैनिकांच्या 3,20,000 नोंदी उजेडात आल्या, त्याची बातमी पाहून हुरळू नका. त्यात आपलं कुणी सापडायचं नाही.

आमच्या यादीत एकाच नावाचे दोघे निघाले. बापाच्या नावावरून ओळखावं, तर ते, म्हणजे आमच्या पणजोबांच्या वडिलांचं नाव, घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते मिळालं नाशिकला, आमच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यजमानांच्या कुळांची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या गुरुजींच्या वहीत. पानावर मोडीत मूळ गाव, त्यापुढे “हल्ली मुक्काम लष्कर ग्वाल्हेर” आणि खाली बापासकट तिघा भावांची नावं. दोघांतला आमचा कोण ते तिथेच ठरलं.

रामकुंडावर जाताना आडनाव, गोत्र आणि मूळ गाव पाठ करून जा. वह्या गावावरून काढतात, ग्वाल्हेर सांगून उपयोग नाही. फोटो काढू देतात का ते आधी विचारा, दक्षिणा हातात ठेवा, सबंध सकाळ मोकळी ठेवा. अमावस्येला गुरुजींना मान वर करायला फुरसत नसते. सिंहस्थात तर नावच काढू नका.