‘लास्ट मॅन होता की बे!’

बारा वर्षं मी फुटबॉलमध्ये स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला डिफेन्डर, खेळलो. फाऊल कधी करायचा आणि केल्यावर दोन्ही हात वर करून चेहरा किती भाबडा ठेवायचा, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. गुडघ्यानं दगा दिला तेव्हा वाटलं, आता शिट्टी हातात घेऊ. चोराला पोलिस केलं तर चोऱ्या लगेच कळतील, असा माझा हिशेब. तसाही मी दिवसभर एका यंत्रमाग कारखान्याचे हिशेबच लिहितो.

हा हिशेब पहिल्याच महिन्यात चुकला. सोळा वर्षांखालच्या मुलांची मॅच होती. मार्चमधलं सोलापूर, म्हणजे सकाळी दहालाच मैदानाचा तवा झालेला. एका टीमचा दहा नंबर उजव्या लाइनीजवळून बॉल घेऊन सुटला, मागून डिफेन्डरनं त्याचा टी-शर्ट धरला आणि तो पडला. बाहेरून ओरडा सुरू झाला, “लास्ट मॅन! लास्ट मॅन! रेड!” गोलकीपरआधीच्या शेवटच्या डिफेन्डरनं पाडलं की थेट लाल कार्ड, असा सगळ्यांचा समज. मीही मनात तेच म्हणत होतो. खिशातून लाल कार्ड काढलं. पोरगं रडत बाहेर गेलं आणि पुढची मॅचही त्याला बसूनच बघावी लागली.

रात्री एका पालकानं मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. गोलच्या मागून घेतलेला. दहा नंबर गोलकडे नाही, कॉर्नरच्या झेंड्याकडे पळत होता. गोल निदान पस्तीस मीटर लांब. आणि दुसरा स्टॉपर मधून तिरका धावत येत होता, चार-पाच पावलांत पोचला असता. सरळ सरळ येलो कार्ड, म्हणजे नुसती ताकीद. तो व्हिडिओ मी किती वेळा बघितला ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मुरारजी पेठेत सरांकडे गेलो. सर म्हणजे शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले, आमच्या रेफ्री कोर्सचे शिकवणारे. ओट्यावर नातवाचा कॅरमबोर्ड होता. मी सगळं सांगितलं. त्यांनी नियमांचं पुस्तक पुढ्यात टाकलं. “बारावा नियम काढ. ‘लास्ट मॅन’ हा शब्द दाखवलास तर चहा माझ्याकडनं.”

अर्धा तास शोधला. चहाचे पैसे मीच दिले.

पुस्तकात आहे ते वेगळंच. गोल करायची उघड संधी हिरावून घेतली का, एवढाच प्रश्न. इंग्रजी आद्याक्षरांवरून रेफ्री लोक त्याला ‘डॉग्सो’ म्हणतात. (आमच्या बॅचमधल्या एकानं पहिल्या दिवशी वहीत ‘डॉग शो’ लिहून घेतलं होतं.) ठरवताना चार गोष्टी बघायच्या: फाऊल झाला तिथून गोल किती लांब, खेळ साधारण कुठल्या दिशेला चालला होता, बॉल त्या खेळाडूच्या ताब्यात राहिला किंवा आला असता का, आणि बाकीचे डिफेन्डर किती व कुठे होते. पाठ करायला पाच मिनिटं पुरतात. मैदानावर ते दिसायला मला सात महिने लागले.

दिसायला लागलं ते कॅरममुळे. सरांनी पांढऱ्या सोंगट्या हल्ला करणाऱ्यांच्या मांडल्या, काळ्या डिफेन्डरच्या, राणी म्हणजे बॉल. स्ट्रायकर गोलकीपर. माझ्या मॅचमधला प्रसंग लावला. मग फाऊल करणारी काळी सोंगटी त्यांनी उचलली आणि खिशात टाकली. “आता हा मैदानात नाहीच. खेळ पुढं चालव.”

मी पांढरी सोंगटी सरकवली. ती कोपऱ्याकडे गेली. दुसरी काळी आडवी आली.

“मग संधी कुठं होती बे?”

माझं चुकायचं नेमकं तिथंच. मी जन्माचा डिफेन्डर, त्यामुळे माझी नजर फाऊलवर चिकटायची: किती जोरात लागला, किती आवाज आला, मुद्दाम केला का. पण डॉग्सोला फाऊलच्या जोराशी घेणंदेणं नाही. नुसता टी-शर्ट ओढून स्वच्छ संधी मारता येते, आणि पाय मोडेल असा टॅकल मध्यरेषेवर झाला तरी कुठलीही संधी जात नाही. त्या टॅकलला रेड आहेच, पण त्याचं खातं वेगळं. एका खात्याची रक्कम दुसऱ्यात टाकली की ताळेबंद जुळत नाही, हे मला तरी कुणी सांगायला नको होतं.

त्यानंतर आम्ही जवळजवळ दर रविवारी सोंगट्या मांडल्या. त्यातही मी उलट्या बाजूनं आपटलोच. एका मॅचमध्ये फॉरवर्ड एकटा गोलकीपरसमोर, बॉल पायाला चिकटलेला, मागून एकानं पाडला. आजूबाजूला आणखी दोन डिफेन्डर दिसले म्हणून मी येलो दिलं. सर म्हणाले, “दोघं होते हे खरं. पण गोलच्या अंगाला होते, की मागनं धापा टाकत येत होते?” मागनं धापा टाकत येत होते. तिथं रेड हवं होतं.

डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीच्या, आतली भानगड आणखी वेगळी. पूर्वी तिथं संधी मारली की पेनल्टी, रेड आणि वर पुढच्या मॅचची बंदी, अशी तिहेरी शिक्षा व्हायची. 2016 मध्ये नियम बदलला. डिफेन्डर खरोखर बॉल खेळायला गेला आणि फाऊल झाला, तर पेनल्टी आणि येलो; पेनल्टीनं संधी परत मिळालीच. पण ओढलं, धरलं, ढकललं, किंवा बॉल मिळायची शक्यताच नव्हती, तर पेनल्टीसोबत रेड कायम. 2010 च्या वर्ल्ड कपमध्ये उरुग्वेच्या सुआरेझनं घानाचा गोल लाइनीवर हातानं अडवला होता, तसं आज केलं तरी रेडच. घानाची ती पेनल्टी क्रॉसबारला लागली, हा भाग रेफ्रीच्या हातात नसतो.

शिट्टीची घाई हा माझा दुसरा रोग. त्यावर सरांचं औषध म्हणजे 2006 ची चॅम्पियन्स लीग फायनल. पॅरिसमध्ये आर्सेनलचा गोलकीपर लेहमन यानं बार्सिलोनाच्या एटोला डीबाहेर पाडलं. बॉल बार्सिलोनाच्याच ज्युलीकडे गेला आणि त्यानं रिकाम्या गोलमध्ये मारला. पण शिट्टी आधीच वाजली होती. गोल रद्द, लेहमनला अठराव्या मिनिटाला रेड. “दोन सेकंद थांबला असता तर गोल मिळाला असता,” सर म्हणाले. “जी संधी गेलीच नाही तिला रेड कसलं?” मी तेव्हापासून शिट्टी ओठांपासून वीतभर लांब धरून पळतो.

रेफ्रीच्या परीक्षेतला लेखी पेपर आणि धावण्याची चाचणी यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही; धावताना गुडघा कुरकुरला, एवढंच. खरी परीक्षा प्रात्यक्षिक मॅचची. बाहेर परीक्षक वही घेऊन बसलेले. दुसऱ्या हाफमध्ये, एक-एक असताना, नऊ नंबर डीमध्ये घुसला. गोलकीपर बॉलवर झेपावला. नऊ नंबरनं बॉल त्याच्या बाजूनं टोलवला आणि गोलकीपरच्या हातात त्याचा पाय अडकला. धाडकन पडला.

पेनल्टी तर होतीच. शिट्टी वाजवली, ठिपक्याकडे बोट केलं. मैदान एका सुरात ओरडायला लागलं, “रेड! रेड!” माझा हात खिशाकडे गेलासुद्धा. मग मनात काळी सोंगटी उचलली. गोलकीपर नाही. नऊ नंबर उभा आहे. बॉल? टोला फार जोराचा बसला होता. बॉल गोललाइन ओलांडून बाहेर गेला होता, गोलपासून दहा-बारा पावलं लांब. नऊ नंबर काय, कुणीही तो गाठला नसता.

हात रिकामा बाहेर काढला. कार्डच नाही. गोलकीपर बॉल खेळायला गेला होता आणि पेनल्टी दिली होती, त्यामुळे येलोही नाही.

मॅच संपल्यावर परीक्षकांनी एकच विचारलं, “बॉल कुठं चालला होता?”

“बाहेर, सर.”

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

मी पास झालो. त्या नऊ नंबरचे वडील मात्र अधूनमधून पार्क चौकात चहाच्या गाडीवर भेटतात. कट घेता घेता हटकून म्हणतात, “साहेब, लास्ट मॅन होता की ओ तो!”

तो गोलकीपर होता, एवढं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.