भरल्या गाडीची घरघर

तात्या तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी गाडी आत घेतलीच नाही. गेटबाहेर लावली आणि म्हणाले, "मालक, आज काय ते नीट बघा. न्हायतर मी इकून मोकळा होतो."

वाईत माझं गॅरेज आहे. तात्यांची गाडी पिवळ्या पाटीची. मांढरदेव, जेजुरी, पंढरपूर अशी देवाची भाडी, आणि लग्नसराईत वऱ्हाडाची. मागच्या चाकांवर ओढणारी, मागे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा असलेली मजबूत गाडी. तक्रार एकच: मधल्या सीटखालून घरघर येते, पायाला झिणझिण्या लागतात. कधी येते, कधी आठवडाभर नाही.

आधी दुसरीकडे क्लच प्लेट बदलून झाली होती, चारही चाकांचं बॅलन्सिंग झालं होतं. माझ्याकडे पहिल्या खेपेला शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सची ओढ मागच्या धुऱ्याला नेणाऱ्या लांब दांड्याच्या, एका क्रॉसमध्ये (सांध्यात) किंचित ढिलेपणा सापडला, तो क्रॉस मी बदलला. दुसऱ्या खेपेला गाडी लिफ्टवर उचलून चाकांची बेअरिंग, सायलेन्सरचे रबर, इंजिन माउंटिंग, सगळं हाताने हलवून पाहिलं. मग चक्कर मारली. गाडी अगदी शांत चालली. मी तात्यांना म्हणालो, "मला तर काहीच ऐकू येत नाही." ते काही न बोलता निघून गेले. त्या वाक्याचं मला आजही वाईट वाटतं. कारण दिवसाचे दहा तास जो माणूस त्या गाडीत बसतो, त्याच्या कानावर मी माझ्या दहा मिनिटांच्या चकरेचा शिक्का मारला होता.

त्या दिवशी मी पाना हातात घेतला नाही. चहा मागवला आणि विचारायला बसलो. शेवटचा आवाज कधी आला? परवा, मांढरदेवला जाताना. त्याच्या आधी? लग्नाचं भाडं होतं तेव्हा. आणि काल? "काल रिकामीच व्हती, काल काय न्हाय आला," असं म्हणता म्हणता तात्या थांबले. मीही थांबलो. आवाज आला ती प्रत्येक फेरी भरलेली होती. आणि गॅरेजात गाडी येते ती माणसं उतरवून, रिकामी. दोन्ही वेळा आम्ही न दुखणाऱ्या गाडीची तपासणी केली होती.

मग माणसं गोळा केली. माझी दोन पोरं, शेजारचा पंक्चरवाला, चहावाले आजोबा, बसस्टॉपवर उभे असलेले ओळखीचे तिघे. डिकीत वाळूची दोन पोती टाकली. तात्या स्टेअरिंगवर, मी मधल्या सीटच्या पुढे फ्लोअरवर तळवा टेकून बसलो. पहिल्या गिअरला क्लच सोडला आणि गाडी हलली तोच हाताखाली थरथर आली. आजोबा म्हणाले, "आला की वो आवाज!" तात्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, बोलले काही नाहीत.

सुरूरच्या सपाट रस्त्यावर साठचा वेग धरायला सांगितला. आता घरघर बारीक पण सतत होती. त्याच वेगाला चौथ्यातून तिसऱ्यात घेतली. इंजिनाचा सूर चढला, घरघरीचा सूर होता तोच राहिला. म्हणजे इंजिन आणि क्लच संशयातून सुटले, दोष गिअरबॉक्सच्या मागे. आता चाक की शाफ्ट? साठच्या वेगाला असल्या गाडीचं चाक सेकंदाला साधारण आठ फेरे घेतं. डिफरन्शियलमुळे, म्हणजे मागच्या धुऱ्यावरच्या गिअरच्या डब्यामुळे, शाफ्ट त्याच्या चौपट, म्हणजे तीसेक फेरे. चाकाचा दोष धप-धप असा जाणवतो, सावकाश, जवळजवळ मोजता येईल असा. हाताखाली होती ती बारीक, दाट थरथर. न्यूट्रलला टाकल्यावर वेग तोच असूनही ती विरली, पुन्हा ओढ दिली की परत आली. शाफ्टच.

खात्रीसाठी पसरणी घाटात नेली. वळणावर दुसऱ्या गिअरला ओढ पडली की मधल्या सीटखाली गुरगुर अशी की बोलणं ऐकू येईना. तीन वळणांत माझं काम झालं.

परत येऊन गाडी गॅरेजातल्या, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर घेतली. लिफ्टवर मुद्दाम नाही. लिफ्टवर चाकं लोंबतात, पाटे सुटतात, मागचा धुरा खाली येतो आणि शाफ्टचा कोनच बदलतो. इंजिन बंद, चाकांना पुढे-मागे ठोकळे, आणि सगळ्यांना विनंती की आत बसून राहा. मी टॉर्च घेऊन खाली उतरलो. या गाडीचा शाफ्ट दोन तुकड्यांचा, मधोमध सेंटर बेअरिंग. ते बेअरिंग जाड रबराच्या कड्यात बसवलेलं असतं आणि कडं चासीला पट्टीने धरलेलं. वरून पाहिलं तर कडं अखंड. टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, लावून शाफ्ट जरा वर उचलला आणि रबर खालच्या बाजूने अर्ध्याहून जास्त उघडलं. हात काढला की चीर मिटली, जणू काही नाहीच. रिकाम्या गाडीत शाफ्ट सरळ राहतो, चीर मिटलेली असते. माणसं बसली की पाटे दबतात, डिफरन्शियल वर येतं, त्यात ओढ पडली की त्याचं तोंड आणखी उचलतं, आणि शाफ्ट त्या फाटक्या कड्यात नाचायला लागतो. घाटात, नऊ माणसांसकट, ते कडं पूर्ण सुटलं असतं तर शाफ्ट खाली आपटला असता. खड्ड्यात उभा असताना हा विचार आला आणि मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो.

पोरांना एकेक करून खाली बोलावून दाखवलं. तात्यांनाही उतरवलं. त्यांनी स्वतः टॉमी दाबली, चीर उघडली, सोडली, पुन्हा दाबली.

नवं सेंटर बेअरिंग संध्याकाळी साताऱ्याहून आलं. शाफ्ट काढण्याआधी प्रत्येक जोडावर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या. दोन तुकडे एका दातानेसुद्धा चुकून बसले तर क्रॉस एका रेषेत राहत नाहीत आणि नवी थरथर पदरात पडते. बसवून झाल्यावर सकाळचीच माणसं पुन्हा भरली, वाळूच्या पोत्यांसकट, आणि अंधार पडताना पुन्हा पसरणी घाट. त्याच वळणांवर तात्या आवाजाची वाट बघत पाय जरा सैल करायचे. तिसऱ्या वळणानंतर केला नाही.

मजुरी मी घेतली नाही, फक्त सामानाचे पैसे घेतले. आधीच्या दोन खेपांचा हिशोब माझ्याकडेच निघत होता. तात्यांनी फाटलेलं जुनं कडं मागून घेतलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"घरी दाखवतो. पोरगा म्हनायचा, आबा, तुमच्या कानातच काय तरी हाय."

गुंडाळी त्यांनी मागे टाकली नाही, शेजारच्या सीटवर ठेवली आणि गाडी सुरू केली.