मोस्तार: पुलावरून बुलेवारपर्यंत

बोस्निया-हर्जेगोविनातल्या मोस्तारला जाणार असाल तर एक रात्र मुक्काम कराच. दुब्रोवनिक आणि स्प्लिटहून येणाऱ्या सहलीच्या बसगाड्या माणसांना जुन्या पुलापाशी सोडतात, फोटो आणि जेवण उरकलं की दोन-तीन तासांत परत नेतात. तेवढ्यात पूल दिसतो, गाव दिसत नाही.

पूल आधी नीट पाहावा, कारण तो खरोखर अद्भुत आहे. सुलतान सुलेमानाच्या आज्ञेवरून मिमार हायरुद्दीन या उस्मानी वास्तुकाराने १५६६ साली तो पुरा केला. नेरेत्वा नदीवर दगडाची एकच कमान, सुमारे २९ मीटर लांबीची, मध्ये एकही खांब नाही. दगड जवळच्याच खाणीतला. त्याला तेनेलिया म्हणतात. खाणीतून काढताना तो मऊ असतो, त्यामुळे छिन्नीने हवा तसा घडवता येतो, मग हवेत कठीण होत जातो. हे दगड लोखंडी पकडींनी एकमेकांना जखडलेत आणि पकडीच्या खाचांत वितळलेलं शिसं ओतलंय. शिसं फटी भरून काढतं आणि लोखंडाला गंजू देत नाही. बोस्नियातल्या युद्धात, ९ नोव्हेंबर १९९३ रोजी, बोस्नियन क्रोएट सैन्याच्या तोफगोळ्यांनी हा पूल पाडला. नंतर डायव्हर्सनी नदीतून दगड वर काढले, पण ते पुन्हा वापरण्याजोगे नव्हते. म्हणून नवीन तेनेलिया घडवून, त्याच शिसं-लोखंडाच्या पद्धतीने पूल उभा केला आणि २३ जुलै २००४ला तो खुला झाला. पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या यादीत आला. पूर्वेच्या तारा बुरुजात पुलाचं संग्रहालय आहे. तिथून पुलाच्या पायथ्याशी, आधीच्या लाकडी पुलाच्या अवशेषांपर्यंत उतरता येतं. ते चुकवू नका.

पुलाचा चढ तीव्र आहे आणि फरशी माणसांच्या पायांनी आरशासारखी गुळगुळीत झालीय. तिच्यावर आडव्या, थोड्या वर आलेल्या दगडी पट्ट्या बसवल्यात, पाऊल त्यांच्यावर रोवत चालायचं. रबरी तळाचे बूट हवेत. पावसात कोल्हापुरी किंवा चामड्याच्या तळाचं काही घालून गेलात तर कठड्याला धरूनच उतरावं लागेल.

पुलावरून नदीत उडी मारायला कठड्यावर उभे असलेले तरुण गर्दीतून पैसे जमेपर्यंत उडी मारत नाहीत. पाण्यापासून उंची उन्हाळ्यात साधारण २४ मीटर, आणि बाहेर चाळीस अंश असले तरी नेरेत्वा बर्फगार असते. त्या फरकाने शरीराला धक्का बसतो, म्हणून उडीआधी ते अंगावर गार पाणी घेतात. पर्यटकांनाही उडी मारता येते, पण या उडी मारणाऱ्यांच्या क्लबच्या लोकांकडून कमी उंचीवर सराव केल्यावरच. परस्पर उडी मारणं जिवावर बेतू शकतं. फोटोसाठी कोस्की मेहमेद पाशा मशिदीचं अंगण गाठा. मिनारात जायला तिकीट आहे, जिना फार अरुंद आहे.

आता मुख्य गोष्ट. पुलाच्या एका बाजूला मुसलमान, दुसऱ्या बाजूला क्रोएट आणि मध्ये नदी, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. १९९३ची आघाडीची रेषा नदीवर नव्हती, तिच्या पश्चिमेला समांतर जाणाऱ्या बुलेवार या रस्त्यावर होती. पुलाची दोन्ही टोकं बोस्नियाकांच्याच, म्हणजे बोस्नियन मुसलमानांच्याच ताब्यात होती. पुलावरून पश्चिमेला काही मिनिटं चाललं की बुलेवार लागतो. एका इमारतीला नवा गिलावा, तर शेजारच्या इमारतीला छप्पर नाही, खिडक्यांतून झाडं आलेली. पुढे स्पॅनिश चौकात जुन्या बँकेची काचा नसलेली उंच इमारत आहे. युद्धात स्नायपर तिथून नेम धरत. आत शिरू नका, जिन्यांना कठडे नाहीत आणि जमिनीवर काचांचा खच आहे.

याच चौकात १९व्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेलं, केशरी-पिवळं जिम्नॅशियम, म्हणजे माध्यमिक शाळा आहे. इथे बोस्नियाक आणि क्रोएट मुलं एकाच इमारतीत येतात, पण वेगवेगळ्या अभ्यासक्रमांच्या वेगवेगळ्या वर्गांत बसतात. २००६पासून याच इमारतीत यूडब्ल्यूसी (युनायटेड वर्ल्ड कॉलेज) मोस्तार हे आंतरराष्ट्रीय कॉलेजही भरतं. आपल्या मुळशीतल्या यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेजची ही भावंड संस्था. मोस्तारच्या या कॉलेजात मात्र सगळी मुलं एकत्र शिकतात.

गावात विद्यापीठं दोन, बस स्थानकं दोन, फुटबॉल क्लब दोन. १९२२चा वेलेझ हा पूर्वेचा, म्हणजे बोस्नियाकांचा, झ्रिन्यस्की पश्चिमेचा, म्हणजे क्रोएटांचा. वेलेझने युगोस्लाव्हियाचा कप दोनदा जिंकला, पण त्याचं जुनं मैदान आज झ्रिन्यस्कीकडे आहे. मतदारसंघांच्या रचनेवरचा वाद न सुटल्याने २००८ ते २०२० नगरपालिकेची निवडणूकच झाली नाही. इर्मा बारालिया या मोस्तारकर बाईंनी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली, २०१९मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि डिसेंबर २०२०मध्ये लोकांनी मतदान केलं. पुलाच्या पुनर्बांधणीइतकीच ही घटना मला मोठी वाटते.

शाकाहाऱ्यांसाठी: बुरेक म्हणजे पातळ पिठाच्या थरांत सारण भरून भाजलेला पदार्थ, आणि इथे तो फक्त मांसाचा. चीजचा हवा तर सिर्नित्सा, पालकाचा झेल्यानित्सा, बटाट्याचा क्रोम्पिरुशा मागा. कॉफी जेझ्वा या तांब्याच्या छोट्या भांड्यात येते, सोबत कान नसलेला छोटा पेला, साखरेचा खडा आणि लोकुम ही मिठाई. गाळ तळाशी बसू द्या, मग थोडी थोडी ओता. खडा कॉफीत बुडवून दाताखाली धरतात, वरून घोट घेतात. शेवटचा गाळ प्यायचा नाही.

व्हिसाची गोष्ट नीट लक्षात ठेवा. क्रोएशिया २०२३पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, बोस्निया नाही. एकदाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा असेल तर मोस्तारहून दुब्रोवनिकला परत जाता येणार नाही. अनेकदा प्रवेशाचाच व्हिसा घ्या, आणि बोस्नियाचे चालू नियम निघण्याआधी दूतावासाकडून पक्के करा. युरोपियन युनियनचं मोबाइल रोमिंगही इथे लागू नाही. सीमा ओलांडण्याआधी डेटा बंद करा, नाहीतर बिल फुगतं. उन्हाळ्यात सीमेवर रांगा लागतात, म्हणून त्याच दिवशीचं विमान धरू नका. साराजेवोहून येणार असाल तर बसऐवजी रेल्वे घ्या. सुमारे दोन तासांच्या प्रवासात बराच वेळ नेरेत्वा सोबत असते. गाड्या दिवसाला मोजक्याच, वेळ स्थानकावर विचारून घ्या.

चलन कन्व्हर्टिबल मार्क, एका युरोला १.९५५८३ हा पक्का बांधलेला दर. जुन्या बाजारात युरो चालतात, पण हिशेब दुकानदाराच्या सोयीने होतो. मार्क देशाबाहेर बदलून मिळणं कठीण, म्हणून निघण्याआधी संपवा. १२ किलोमीटरवरच्या ब्लागायला, कड्याखालून उसळणाऱ्या बुना नदीच्या उगमाशी आणि तिथल्या दर्ग्यासारख्या तेक्केला जाण्यात ते छान खर्ची पडतात.